ब्रदर ज्युसेप्पे कास्तिल्योने : चिनी बादशहांचे चित्रकार

आपल्या जुन्या देवळांतून वेदीच्या मागें जीं चित्रें आहेत, तीं कोणीं काढलीं हें सहसा कोणास सांगतां येत नाहीं. देऊळ कोणत्या सालीं बांधलें, पहिले व्हिकार कोण होते, घंटा कोणीं दिली, ह्यांची नोंद कोठें ना कोठें सांपडते. परंतु पवित्र मातेच्या मुखावर तें सौम्य तेज ज्याच्या कुंचल्यानें उतरलें, त्याचें नांव बहुधा कोणत्याच वहींत नसतें. ज्युबिलीच्या ह्या प्रसंगीं धर्मगुरूंचें व देणगीदारांचें स्मरण आपण करणारच आहों. म्हणून ह्या स्मरणिकेंतील आमच्या वांट्याचीं पानें एका चित्रकाराच्या चरित्राकडे लावण्याचें आम्ही योजिलें आहे. ते धर्मगुरू नव्हते. येशूसंघांतील एक व्रतस्थ ब्रदर होते. देवाच्या कार्यासाठीं आपली कला वाहावी म्हणून ते मायदेश सोडून निघाले, आणि त्यांचें उभें आयुष्य मात्र एका परधर्मी राजवाड्यांत बादशहा, त्याच्या राण्या, त्याचे घोडे आणि त्याचे शिकारी कुत्रे रंगविण्यांत गेलें. असें आयुष्य सार्थकीं लागलें कीं फुकट गेलें, हा प्रश्न त्यांचें चरित्र वाचतांना आम्हांस पडला, व तो सहजासहजीं सुटला नाहीं.

ज्युसेप्पे कास्तिल्योने ह्यांचा जन्म इटलींतील मिलान शहरीं १९ जुलै १६८८ रोजीं झाला. चित्रकलेचे पाठ त्यांनीं तरुणपणींच घेतले, आणि १७०७ सालीं, वयाचीं वीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, जेनोव्हा येथें येशूसंघांत प्रवेश केला. गुरुदीक्षा न घेतां ते ब्रदर म्हणूनच राहिले. त्या काळीं संघांत अशा ब्रदरांची मोठी परंपरा होती. कोणी औषधें देत, कोणी सुतारकाम करीत, कोणी घड्याळें दुरुस्त करीत, कोणी चित्रें काढीत. रोम येथील संत इग्नाशियस ह्यांच्या देवळाच्या छतावर प्रत्यक्ष आकाशच उघडलें आहे असा भास ज्यांनीं निर्माण केला, ते आंद्रेआ पोझ्झो हेही ब्रदरच. सपाट भिंतीवर खोली व अंतर कसें दाखवावें, म्हणजे ज्याला आपले चित्रकार यथार्थदर्शन म्हणतात, त्या शास्त्रावर पोझ्झो ह्यांनीं मोठा ग्रंथ लिहिला होता, आणि तो ग्रंथ पुढें कास्तिल्योने ह्यांच्या हातून चीनपर्यंत उपयोगीं पडावयाचा होता. जेनोव्हा येथें संत इग्नाशियस ह्यांच्या चरित्रांतील कांहीं चित्रें आहेत, तीं तरुण कास्तिल्योने ह्यांच्या हातचीं मानलीं जातात.

त्या वेळीं चीनच्या गादीवर कांगशी हा बादशहा होता. त्याला युरोपांतील विद्या व कला ह्यांचा फार शौक. गणित, ज्योतिष, घड्याळें, नकाशे, मिनाकाम, चित्रें, सर्व कांहीं त्याला हवें असे, आणि तें जाणणारे लोक आणून देण्याचें काम पेकिंगमधील येशूसंघीय पाद्री करीत असत. चित्रकार हवा असें कळल्यावर कास्तिल्योने ह्यांनीं जाण्याची तयारी दाखविली. पूर्वेकडील मिशनें पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाखालीं असल्यामुळें आधीं पोर्तुगालास जाणें भाग होतें. तेथें कोइंब्रा येथील संघाच्या घरीं कांहीं वर्षें राहून त्यांनीं प्रार्थनामंदिराचें रंगकाम केलें, आणि १७१४ सालीं लिस्बनहून जहाज धरलें.

त्या मार्गावर गोवें आलेंच. गोव्याशीं पेकिंगचा संबंध केवळ जहाजाच्या थांब्याचा नव्हता. १६९० सालीं स्थापन झालेला पेकिंगचा धर्मप्रांत गोव्याच्या आर्चबिशपांच्या अधीन होता, हें आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. आणखीही एक नातें आम्हांस दिसतें. ह्याच गोव्यांत, सुमारें शंभर वर्षांपूर्वीं, येशूसंघाचेच फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनीं इंग्रज असून मराठी भाषा आत्मसात केली आणि १६१६ सालीं आपलें ख्रिस्तपुराण ओंवीबद्ध करून प्रसिद्ध केलें. परक्या लोकांच्या घरीं शिरावयाचें तर त्यांच्याच दारानें शिरावें, हा त्यांचा मार्ग. स्टीफन्स ह्यांनीं ओंवीचें दार निवडलें. कास्तिल्योने ह्यांना कोणतें दार सांपडणार आहे, हें गोव्याच्या बंदरांत उतरतांना त्यांचें त्यांनाही ठाऊक नसेल. पुढच्या सालच्या उन्हाळ्यांत ते माकाव येथें पोंचले, आणि १७१५ संपतां संपतां पेकिंगमध्यें, म्हणजे आजच्या बीजिंगमध्यें, दाखल झाले. त्या शहरांतून ते पुन्हा मायदेशीं परतले नाहींत. एकावन्न वर्षें ते तेथें राहिले व तेथेंच वारले.

चिनी लोकांनीं त्यांना लांग शिनिंग हें नांव दिलें. शिनिंग ह्या अक्षरांचा अर्थ जगाची शांति असा कांहींसा होतो. नांव सुंदर खरें. पण ज्या काळांत तें मिळालें तो काळ चिनी ख्रिस्तमंडळीच्या शांतीचा मुळींच नव्हता. पूर्वजांच्या पाटीपुढें धूप जाळणें व कन्फ्यूशियसला मान देणें हे चिनी रिवाज ख्रिस्ती मनुष्यानें पाळावे कीं नाहीं, ह्या वादानें तेथील मिशन पोखरून निघालें होतें. येशूसंघीय पाद्री त्या रिवाजांना कौटुंबिक आदर समजत. इतर संघांचे पाद्री त्यांना मूर्तिपूजा समजत. ज्या सालीं कास्तिल्योने पेकिंगला पोंचले त्याच सालीं रोमहून त्या रिवाजांवर बंदीचें कडक फर्मान निघालें, व १७४२ सालीं तें कायम करण्यांत आलें. बारावे पायस ह्या पोप महाराजांनीं १९३९ मध्यें ती बंदी बऱ्याच अंशीं उठविली, परंतु तोंपर्यंत दोन शतकें निघून गेलीं होतीं. रोमची बंदी ऐकून कांगशी बादशहाचें मन दुखावलें, आणि दरबारांतील मैत्रीला तेथून जी उतरती कळा लागली ती पुन्हा सांवरली नाहीं.

आरंभीं कास्तिल्योने ह्यांना मिनाकामावर बसविण्यांत आलें. तांब्याच्या भांड्यांवर रंगीत कांच वितळवून नक्षी काढावयाची, भट्टीच्या धगींत, दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत, कारागिरांच्या गर्दींत. त्यांचे सोबती मात्तेओ रिपा ह्या इटालियन पाद्र्यांनीं लिहून ठेवलें आहे कीं, ह्या जाचांतून सुटका व्हावी म्हणून आपण दोघांनीं मुद्दामच काम वाईट केलें, तेव्हां तें काम आपल्या मागचें सुटलें. संतचरित्रांत शोभावी अशी ही गोष्ट नव्हे, हें आम्ही जाणतों. तरी ती आम्हांस आवडते. कारण पुढें जो मनुष्य पन्नास वर्षें निमूटपणें आज्ञा पाळतांना दिसतो, त्याचें मन मेलेलें नव्हतें एवढें तरी तिच्यावरून समजतें.

कांगशी १७२२ सालीं वारला व त्याचा मुलगा युंगचेंग गादीवर आला. हा बादशहा ख्रिस्ती धर्माचा मित्र नव्हता. १७२४ मध्यें त्यानें धर्मप्रसारावर बंदी घातली. प्रांतोप्रांतींचे पाद्री हुसकून कँटनला पाठविण्यांत आले, देवळें धान्याचीं कोठारें किंवा शाळा झालीं. फक्त पेकिंगमध्यें, ज्यांचा दरबाराला उपयोग होता असे थोडे लोक राहूं दिले. ह्या चरित्राचें मर्म येथें आहे. ज्योतिषी पंचांग करीत होते म्हणून, घड्याळजी घड्याळें चालवीत होते म्हणून, आणि चित्रकार चित्रें काढीत होता म्हणून पेकिंगच्या वेदीवर मिस्सा होत होती. कुंचला खालीं ठेवला असता तर त्याबरोबर वेदीवरची मेणबत्तीही विझण्याचा धोका होता.

ह्याच बंदीच्या काळांत, १७२८ सालीं, कास्तिल्योने ह्यांचें शंभर घोड्यांचें प्रसिद्ध चित्र पुरें झालें. रेशमावर काढलेला हा गुंडाळी पट सुमारें पावणेआठ मीटर लांब आणि हातभर-दोन हात रुंद आहे. कोणी घोडे चरत आहेत, कोणी जमिनीवर लोळत आहेत, कोणी नदी ओलांडून पलीकडे जात आहेत. धष्टपुष्ट आहेत तसे हाडकुळेही आहेत. पट चिनी, रंग चिनी, उजवीकडून डावीकडे उलगडत पाहण्याची रीतही चिनी. परंतु घोड्यांच्या अंगाचा भरीवपणा आणि दूर जातां जातां लहान होत जाणारी टेंकडी मात्र युरोपची. आज हा पट तैवानमध्यें तायपे येथील राजवाडा-संग्रहालयांत आहे, आणि त्याचा कागदावरील कच्चा आराखडा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांत जाऊन पडला आहे.

त्याच सुमारास न्येन शीयाव नांवाच्या एका चिनी अधिकाऱ्यानें कास्तिल्योने ह्यांच्याजवळ बसून यथार्थदर्शनाचें शास्त्र समजून घेतलें, आणि पोझ्झो ह्यांच्या ग्रंथाच्या आधारें १७२९ सालीं त्या विषयावर चिनी भाषेंत पुस्तक काढलें. म्हणजे रोमच्या एका ब्रदराची विद्या मिलानच्या एका ब्रदराच्या मुखानें एका मांचू बादशहाच्या अधिकाऱ्यास मिळाली. धर्म शिकविण्यास बंदी होती; पण भिंतीवर खोली कशी दिसावी हें शिकविण्यास बंदी नव्हती.

आतां तसबिरींविषयीं सांगितलें पाहिजे, कारण त्यांची खरी कीर्ति तसबिरींची आहे. युरोपांत तसबीर काढतांना चेहऱ्याच्या एका बाजूवर उजेड व दुसऱ्या बाजूवर सावली दाखवितात. त्यायोगें नाक, गाल, कपाळ उठून दिसतात. चिनी दरबारांत हें चालेना. चेहऱ्यावरची सावली म्हणजे चेहऱ्याला लागलेला डाग, असें तेथें समजत. अर्धें तोंड काळें केलेली तसबीर बादशहास कशी दाखवावी? तैलरंगांवरही तेथें विशेष प्रीति नव्हती. तेव्हां तिशी ओलांडलेल्या ह्या चित्रकारानें पुन्हा शाळकरी मुलासारखें शिकावयास आरंभ केला. रेशमावर चिनी रंगांनीं काम करावयाचें. तेथें एकदां ओढलेली रेघ पुसतां येत नाहीं, रंग खरवडून पुन्हा देतां येत नाहीं. आधीं कागदावर नमुना, तो मंजूर झाला कीं मग रेशीम. बादशहा समोरून, सरळ, देवाच्या मूर्तीसारखा बसलेला. उजेड सगळीकडून सारखा. तरीही कास्तिल्योने ह्यांच्या तसबिरींतील डोळे पाहिले कीं समोर खरा मनुष्य बसला आहे असें वाटतें. सावली टाकून देऊन त्यांनीं तो भरीवपणा रंगाच्या अत्यंत हलक्या चढउतारानें साधला. पुष्कळदां एकाच चित्रांत चेहरा त्यांचा, आणि वस्त्रें, झाडें, डोंगर चिनी चित्रकारांचे, असेंही होई. असलें भागीदारीचें काम युरोपांतील नामांकित चित्रकारानें मानी स्वभावामुळें नाकारलें असतें.

१७३५ सालीं युंगचेंग वारला आणि चिएनलुंग बादशहा झाला. नव्या बादशहाचें वय चोवीस, कास्तिल्योने ह्यांचें सत्तेचाळीस. ह्या दोघांचा सहवास पुढें तीस वर्षें टिकला. बादशहा, त्याची पट्टराणी आणि अकरा राण्या ह्यांच्या तसबिरींचा एक पट आहे. त्याचें काम १७३६ सालीं सुरू झालें व त्यांतील मुख्य तसबिरींत कास्तिल्योने ह्यांचा हात आहे. आज तो अमेरिकेंत क्लीव्हलंडच्या संग्रहालयांत आहे. राण्यांच्या संबंधानें एक आख्यायिका सांगतात. बादशहानें त्यांना थट्टेनें विचारलें कीं, ह्यांपैकीं सर्वांत सुंदर कोण? तेव्हां ब्रदरांनीं उत्तर दिलें कीं, आपण राण्यांकडे पाहिलेंच नाहीं, छपरावरील कौलें मोजीत होतों. बादशहानें कौलांची संख्या विचारली व ती बरोबर निघाली. ही गोष्ट खरी असेल असें आमच्यानें म्हणवत नाहीं. ज्याला तसबिरी काढावयाच्या त्याला पाहिल्यावांचून गत्यंतर नाहीं. परंतु राजवाड्यांत वावरणाऱ्या ह्या व्रतस्थ मनुष्याविषयीं लोकांची समजूत काय होती, तें तिच्यावरून कळतें.

तरुण बादशहा चित्रशाळेंत वारंवार येई, शेजारीं बसून काम पाही, बोलेही. बाकीच्या पाद्र्यांना, मग ते कितीही विद्वान् असोत, बादशहाचें दर्शन दुर्लभ. अर्ज द्यावयाचा तर तो अंमलदारांच्या हातून जाई, आणि अंमलदार तो मध्येंच दाबून टाकीत. बादशहाच्या हातभर अंतरावर रोज बसणारा ख्रिस्ती मनुष्य एकच होता, आणि तो धर्मगुरू नव्हता, पंडित नव्हता. १७३६ सालीं मांचू लष्करी घराण्यांतील लोकांनीं ख्रिस्ती होऊं नये असा हुकूम निघाला व छळास सुरुवात झाली. तेव्हां पेकिंगच्या पाद्र्यांनीं एक अर्ज लिहिला आणि तो ब्रदर कास्तिल्योने ह्यांच्याजवळ दिला.

३ मे १७३६ रोजीं बादशहा नेहमींप्रमाणें चित्र पाहावयास आला. ब्रदरांनीं कुंचला खालीं ठेवला, गुडघे टेंकले, आणि आपल्या धर्माच्या दुःस्थितीविषयीं थोडे शब्द बोलून छातीशीं लपविलेला, पिंवळ्या रेशमांत गुंडाळलेला अर्ज बाहेर काढला. भोंवतालचे खोजे थरथर कांपूं लागले. वाचकहो, हा धीटपणा आज आपणांस लहान वाटेल. परंतु ज्या दरबारांत परवानगीवांचून बोलणें हाच अपराध, त्या दरबारांत एका परदेशी नोकरानें आपली जागा, आपली मेहेरबानी, कदाचित् आपलें डोकें, आणि सर्व मिशनचा शेवटचा आधार त्या एका क्षणीं पणास लावला होता. बादशहा रागावला नाहीं. आपण धर्माला वाईट ठरविलेलें नाहीं, फक्त लष्करी घराण्यांना मनाई केली आहे, अशा अर्थाचें तो सौम्यपणें बोलला आणि अर्ज ठेवून घेतला. हुकूम रद्द झाला नाहीं. पण राजधानींतील छळाची धार बोथट झाली.

पुढच्याच सालीं, १७३७ मध्यें, टाकून दिलेल्या तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत असल्याच्या कारणावरून लिऊ नांवाच्या एका चिनी ख्रिस्ती मनुष्यास पकडून शिक्षा करण्यांत आली. ब्रदरांनीं पुन्हा गुडघे टेंकले. त्याच सालीं इकडे मराठ्यांच्या फौजा ठाण्यांत व साष्टींत उतरल्या होत्या, व आपल्या पूर्वजांनाही आपलीं देवळें राहतात कीं जातात ही चिंता लागली होती, हें उत्तर कोकणांतील वाचकांस वेगळें सांगावयास नको. पेकिंगमध्यें ह्याही वेळीं बादशहानें ऐकून घेतलें, व राजधानींतील देवळें उघडीं राहिलीं.

तिसरी वेळ मात्र निराळी होती. १७४६ सालीं फूक्येन प्रांतांत डोमिनिकन संघाचे बिशप पेद्रो सान्स व त्यांचे चार धर्मगुरू पकडले गेले. ब्रदर आतां साठीच्या जवळ आले होते. त्यांनीं पुन्हा बादशहापुढें गुडघे टेंकून दयेची याचना केली. बादशहाच्या मुखाचा रंग पालटला, आणि त्यानें कांहींच उत्तर दिलें नाहीं. २६ मे १७४७ रोजीं बिशप सान्स ह्यांचा शिरच्छेद झाला. पुढील सालीं त्यांच्या चारही साथीदारांना मारण्यांत आलें, आणि त्याच १७४८ सालीं सूचौ येथें येशूसंघाच्याही दोन धर्मगुरूंना गळा आंवळून मारलें. बिशप सान्स व त्यांचे साथीदार ह्यांना १ ऑक्टोबर २००० रोजीं पोप महाराज दुसरे जॉन पॉल ह्यांनीं संतपद दिलें. ज्या हातांनीं ह्या शिक्षा मंजूर केल्या, त्याच हातांची तसबीर काढण्याचें काम ब्रदरांना दुसऱ्या दिवशीं पुन्हा हातीं घ्यावें लागलें. त्यांनीं तें घेतलें. त्यांच्या मनांत काय चाललें होतें ह्याचा तर्क करण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. कोणी म्हणेल कीं, अशा वेळीं कुंचला मोडून टाकावयाचा. आम्हांस तसें वाटत नाहीं. कुंचला मोडला असता तर सान्स वांचले नसते, आणि पेकिंगच्या उरलेल्या ख्रिस्ती लोकांचा दरबारांतील एकुलता एक माणूस तेवढा नाहींसा झाला असता. रक्त सांडणाऱ्यांचा मान आपण रक्तवर्णी वस्त्रें लेवून करतों. रोज सकाळीं उठून त्याच दाराशीं जाणाऱ्यांसाठीं मात्र वेगळा सण नाहीं.

हें रोजचें जाणें कसें होतें, तें ब्रदर जाँ-देनी आत्तिरे ह्या फ्रेंच चित्रकारांच्या पत्रांतून समजतें. हे १७३८ च्या सुमारास चीनला आले व कास्तिल्योने ह्यांच्या हाताखालीं राबले. भल्या पहांटे उठावयाचें, पहाऱ्यांच्या दारांमागून दारें ओलांडावयाचीं, उन्हाळ्यांत भट्टीसारख्या व हिवाळ्यांत गोठविणाऱ्या जागेंत बसावयाचें, सांपडलाच तर रविवारीं व सणाच्या दिवशीं प्रार्थनेला थोडा वेळ. आपली सारी कला विसरून नवी शिकावी लागली, ह्याचें आत्तिरे ह्यांना फार वाईट वाटे, आणि तें ते लपवीत नसत. कास्तिल्योने ह्यांची अशी तक्रार आमच्या वाचनांत नाहीं. पुढें बोहेमियाचे इग्नाझ सिखेल्बार्ट येऊन त्यांना मिळाले, आणि चित्रशाळेंतील चिनी शिष्यही त्यांनीं तयार केले.

१७४७ सालीं बादशहानें कारंज्याचें एक युरोपीय चित्र पाहिलें आणि तसें आपल्या बागेंत हवें असा हट्ट धरला. झालें, चित्रकाराचा शिल्पकारही झाला. पेकिंगबाहेरील युआनमिंगयुआन ह्या उन्हाळी राजवाड्याच्या बागेंत कास्तिल्योने ह्यांनीं संगमरवरी युरोपीय वाड्यांचे आराखडे केले, आणि फादर मिशेल बेनुआ ह्यांनीं पाण्याचीं यंत्रें बसविलीं. तेथील बारा प्राण्यांच्या मुखांचें कारंजें प्रसिद्ध आहे. प्रत्येक प्राणी आपल्या प्रहराला पाणी सोडी व त्यावरून वेळ कळे. हे सर्व वाडे १८६० सालीं इंग्रज व फ्रेंच फौजांनीं लुटले आणि लॉर्ड एल्गिन ह्यांच्या हुकुमानें बाग जाळली. हेच एल्गिन साहेब दोन वर्षांनीं हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होऊन आले. कास्तिल्योने ह्यांच्या वाड्यांचे मोडके खांब आजही तेथें उभे आहेत, आणि प्राण्यांच्या कांस्य मुखांपैकीं कांहीं अलीकडच्या वर्षांत चीनला परत मिळालीं आहेत.

देवळांसाठीं त्यांनीं काढलेल्या चित्रांचें नशीब ह्याहून वाईट. पेकिंगच्या पूर्वेच्या देवळाशेजारीं, म्हणजे संत जोसेफ ह्यांच्या देवळाशेजारीं, ते राहत, आणि त्या देवळांत व दक्षिणेच्या देवळांत त्यांनीं भिंतींवर अशीं चित्रें काढलीं होतीं कीं, पाहणारा चिनी मनुष्य भिंतींत शिरावयास पाही, असें वर्णन आहे. दक्षिणेचें देऊळ १७७५ सालीं जळालें. पूर्वेचेंही गेलें, आज तेथें आहे ती इमारत १९०४ सालची. म्हणजे देवासाठीं काढलेलें त्या शहरांत कांहीं उरलें नाहीं, आणि बादशहासाठीं काढलेलें तेवढें काळजीपूर्वक पेट्यांत जपलें गेलें. हें लिहितांना आमच्या मनाला लागतें, हें कबूल केलें पाहिजे.

दोन्ही बाजूंच्या जाणत्यांनीं त्यांना पुरतें आपलेंही म्हटलें नाहीं. त्सौ यीक्वेइ ह्या दरबारी चिनी चित्रकाराचें मत असें कीं, परदेशी लोकांचें मोजमाप विलक्षण आहे, पण त्यांच्या कामांत कुंचल्याचा जीव नाहीं; ती कारागिरी आहे, चित्रकला नव्हे. युरोपांत तर त्यांचें नांव कलावंतांच्या यादींत फार काळ आलेंच नाहीं. बादशहा मात्र त्यांना सोडीत नव्हता. त्यानें त्यांना तिसऱ्या दर्जाच्या मॅन्डरिनचा मान दिला. आणि चिनी गणनेप्रमाणें त्यांचें सत्तरावें वर्ष लागलें त्या १७५७ सालीं रेशमी वस्त्रें व इतर नजराणे देऊन वाजतगाजत त्यांचा गौरव केला. त्याच सालचें एक चित्र पॅरिस येथें आहे: कझाक लोक बादशहास घोडे नजर करीत आहेत असें. पुढें बादशहानें आपल्या पश्चिमेकडील लढायांचीं सोळा चित्रें पॅरिसला तांब्याच्या पत्र्यांवर कोरून घ्यावयाचीं ठरविलीं. त्यांचीं रेखाटनें कास्तिल्योने, आत्तिरे, सिखेल्बार्ट आणि ऑगस्टिनियन संघाचे फादर दामाशेनो ह्यांनीं केलीं, व पहिलीं चार १७६५ सालीं कँटनमार्गे रवाना झालीं. कोरीव काम पुरें होण्यास पुढचीं नऊ-दहा वर्षें लागलीं. आपल्या हातचें चित्र युरोपच्या छापखान्यांतून निघालेलें पाहणें ब्रदरांच्या नशिबीं नव्हतें.

जुलै १७६६ मध्यें, अठ्ठ्याहत्तर वर्षें पुरीं होण्यास थोडे दिवस असतां, ते प्रभुच्या घरीं गेले. बादशहानें त्यांच्या अंत्यविधीसाठीं तीनशें टेल चांदी दिली, त्यांना उपमंत्र्याची पदवी मरणोत्तर बहाल केली, आणि तसा लेख लिहवून घेतला. मिलानच्या एका ब्रदराला उपमंत्रिपद! पेकिंगच्या तटाबाहेर च्यालान येथें, जेथें १६११ सालीं फादर मात्तेओ रिच्ची ह्यांना पुरलें होतें, त्याच दफनभूमींत त्यांना ठेवण्यांत आलें. ज्या संघाची त्यांनीं एकोणसाठ वर्षें सेवा केली, तो संघच सात वर्षांनीं, १७७३ सालीं, बरखास्त झाला. तें पाहण्याचें दुःख त्यांना चुकलें.

१९०० सालच्या बॉक्सर बंडांत त्या दफनभूमीची मोडतोड झाली, व पुढेंही तिला बरे दिवस आले असें नाहीं. तरी ब्रदरांचा दगड टिकला आहे. आज तो बीजिंगमधील एका सरकारी विद्यालयाच्या आवारांत, झाडांच्या सावलींत, इतर पाद्र्यांच्या दगडांबरोबर उभा आहे. त्यावर दोन भाषांत लेख कोरला आहे; चिनी अक्षरांत लांग शिनिंग, आणि लॅटिनमध्यें येशूसंघाचे ब्रदर जोसेफ कास्तिल्योने.